लिझी, मॉड आणि माझी ताई

एकोणिसाव्या शतकातली इंग्रज कवयित्री क्रिस्टिना रोझेटी हिची ‘गॉब्लिन मार्केट’ ही कविता फळांच्या यादीने सुरू होते. सफरचंदं, लिंबं, संत्री, चेरी, खरबुजं, रासबेरी, पीच, तुती, अननस, जर्दाळू, स्ट्रॉबेरी. थोडं पुढे द्राक्षं, डाळिंबं, खजूर, पेअर, अंजीर, महाळुंग. दिवेलागणीला ओढ्याकाठच्या घळीतून गॉब्लिन, म्हणजे इंग्रजी परीकथांतली बुटकी, खोडसाळ भुतं, येतात. कुणाचं तोंड मांजराचं, कुणाला शेपूट, कुणी उंदरासारखा तुरुतुरु चालणारा. या, घ्या, या, घ्या, अशी हाळी देत येतात. आणि ही सगळी फळं एकाच वेळी पिकलेली आहेत, हे ते स्वतःच ओरडून सांगत असतात.

इथेच माझ्या बाबांचे कान टवकारले असते. बाबा फळबाजारात एका गाळ्यावर मेहता होते. मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला आला, तसं आमचं बिऱ्हाडही कोपरखैरण्याला सिडकोच्या बैठ्या घरात आलं. आमच्या घरात महिने फळांवरून ओळखायचे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत, नाशिक-सांगलीची द्राक्षं जानेवारीपासून, मग देवगड-रत्नागिरीच्या पेट्या, मे सरता सरता जुन्नरचा आंबा, मागून हिमाचलचे पीच आणि चेरी, पावसाळा उतरणीला लागला की सफरचंद. हापूसच्या दिवसांत बाबा पहाटे जायचे आणि परतले की त्यांच्या सदऱ्याला पेंढ्याचा वास यायचा. बाजारात तेव्हा रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा. आम्हा दोघी बहिणींना ते सांगायचे, पेटीचा वरचा थर बघून कधी भाव करू नका, हात तळापर्यंत घाला. जर्दाळू आणि स्ट्रॉबेरी एकाच टोपलीत, एकाच संध्याकाळी, तेही १८५९ च्या इंग्लंडात, हे ऐकून त्यांनी त्या टोपलीला हातसुद्धा लावू दिला नसता.

मी ही कविता वाचली ती बी. ए. होऊन पुष्कळ वर्षं झाल्यावर. अभ्यासक्रमात क्रिस्टिनाचं ‘रिमेंबर’ हे सुनीत होतं, तेवढंच. ‘गॉब्लिन मार्केट’ मात्र एका बैठकीत वाचली, आणि तेव्हापासून ती सुटलेली नाही.

गोष्ट साधी आहे. लॉरा आणि लिझी दोघी बहिणी एका घरात राहतात, गाईंच्या धारा काढतात, लोणी काढतात, पीठ मळतात. आईबापांचा कुठे पत्ता नाही. लिझी कानांत बोटं घालून घरी पळते, लॉरा थांबते. पैसे नाहीत म्हणते. गॉब्लिन म्हणतात, डोक्यावर सोनं आहे ना, एक बट दे. ती बट कापून देते, एक अश्रू ढाळते आणि ओठ हुळहुळेपर्यंत फळं चोखते. दुसऱ्या दिवशी लिझीला हाळी ऐकू येते, लॉराला येत नाही. ज्याने एकदा खाल्लं त्याला पुन्हा तो बाजार दिसत नाही, ऐकू येत नाही, भूक मात्र राहते. लॉराने एक कोय जपून ठेवली होती, ती लावते, आसवांनी शिंपते; कोंब फुटत नाही. केस पांढरे व्हायला लागतात. ती झाडलोट सोडते, पाणी आणणं सोडते, चुलीपाशी बसून राहते, जेवत नाही. जीनी नावाची एक मुलगी आधी अशीच झुरून मेलेली आहे. तिच्या थडग्यावर गवत उगवत नाही. लिझीने तिथे डेझी लावली होती, ती कधी फुललीच नाही.

मग लिझी एक चांदीची पेनी पिशवीत टाकून निघते. कविता सांगते की आयुष्यात पहिल्यांदा तिने कान देऊन ऐकलं आणि डोळे उघडून पाहिलं. ती गॉब्लिनांना म्हणते, ही पेनी घ्या आणि फळं द्या, मी घरी नेणार. ते म्हणतात, इथे बस, आमच्याबरोबर खा. ती नाही म्हणते आणि पेनी परत मागते. तिथून जे सुरू होतं ते वाचताना माझी मूठ वळते. ते तिला ओरबाडतात, चिमटे काढतात, लाथा घालतात, झगा फाडतात, केस मुळापासून उपटतात, पायांवर पाय देतात आणि फळं तिच्या तोंडावर दाबून चिरडतात. ती ओठ उघडत नाही. रस चेहऱ्यावरून, हनुवटीच्या खळीतून, दह्यासारख्या थरथरणाऱ्या गळ्यावरून ओघळतो. क्रिस्टिना तिला एकामागून एक उपमा देत सुटते: पुरातली लिली, लाटा झेलणारा खडक, समुद्रात एकटा राहिलेला दीपस्तंभ, मधमाश्यांनी घेरलेलं संत्र्याचं झाड, वेढा पडलेलं शहर. शेवटी गॉब्लिन दमतात आणि निघून जातात. लिझी तशीच रसाने माखलेली धावत घरी येते आणि बहिणीला म्हणते, ये, मला मिठी मार, हा रस माझ्या अंगावरून चोखून घे.

लॉराला तो रस आता कडू जहर लागतो. रात्रभर ती मरणाच्या दारात असते, सकाळी पहिल्यासारखी हसते.

पुढे दोघींची लग्नं होतात, मुलं होतात आणि लॉरा सगळ्या मुलांना जवळ घेऊन ही गोष्ट सांगते. बहिणीसारखी मैत्रीण नाही, सुखात नाही आणि वादळात नाही. भरकटलीस तर आणायला येते, लडखडलीस तर उचलते. हाच शेवट भेटकार्डांवर छापतात, राखीच्या आसपास इंग्रजी शाळांतल्या मुली एकमेकींना पाठवतात. तो मलाही आवडतो. पण तेवढाच वाचणाऱ्यांनी पेटीचा वरचा थर पाहिलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

कारण ‘गॉब्लिन मार्केट अँड अदर पोएम्स’ हे पुस्तक १८६२ साली मॅकमिलनने काढलं, त्याच पुस्तकात ‘सिस्टर मॉड’ आहे. बोलणारी बाई विचारते, माझी लाज आईला कुणी सांगितली? माझ्या प्रियकराचं नाव बापाला कुणी सांगितलं? दुसरं कोण, माझी बहीण मॉड, दबा धरून बघणारी. प्रियकर दगडासारखा थंड पडलाय, केसांत रक्त साकळलंय. ती मॉडला सुनावते, मी जन्मालाच आले नसते तरी त्याने तुझ्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. आई-बाप स्वर्गात जातील, मला आणि त्याला जमलं तर कसंबसं आत घेतील, पण मॉड, तू मरण आणि पाप यांच्या संगतीत राहा. छोटीशी कविता आहे, आणि एका ओळीतही माफी नाही.

‘नोबल सिस्टर्स’ही त्याच पुस्तकात. एक बहीण विचारत राहते, बहिरी ससाणा आला होता का, कुत्रा आला होता का, पोऱ्या निरोप घेऊन आला होता का? दुसरी शांतपणे सांगते, आले होते, मी हाकलले. शेवटी एक परका माणूस आला होता, त्याला मी सांगितलं की तिला नवरा आहे आणि तिचं त्याच्यावर प्रेम आहे. धादांत खोटं. पहिली म्हणते, मी त्याच्या शोधात जगभर फिरेन. दुसरी म्हणते, बापाच्या नावाला बट्टा लावणार असशील तर माझा शाप घेऊन जा.

आता माझं सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजातल्या एका मुलाबरोबर मी वाशीच्या खाडीकडे बसायला जायचे. जात वेगळी होती. ताईला माझ्या वहीत त्याची चिठ्ठी सापडली. ती मला काही बोलली नाही. रात्री बाबा जेवायला बसले, आई भाकरी वाढत होती, आणि ताईने ती चिठ्ठी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. बाबांनी ती वाचली, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि ताट पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी ते त्या मुलाच्या घरी जाऊन आले. पुढे तो मुलगा मला कधी भेटला नाही. त्या वर्षी ताईचं लग्न झालं. मी करवली होते, हातात करा घेऊन तिच्या मागे उभी होते आणि तिच्याशी बोलत नव्हते.

म्हणून ‘सिस्टर मॉड’ वाचताना मला ती कुठल्या तरी जुन्या पोवाड्यातल्या दुष्ट बाईची गोष्ट वाटत नाही. मला ती आमच्या स्वयंपाकघरातली वाटते.

क्रिस्टिनाला सख्खी बहीण एकच, मरिया. रोझेटींची चार मुलं चार वर्षांत लागोपाठ झालेली: १८२७ ला मरिया, १८२८ ला दांते गॅब्रिएल, १८२९ ला विल्यम, १८३० ला क्रिस्टिना. बाप इटलीतून परागंदा झालेला कवी, लंडनच्या किंग्ज कॉलेजात इटालियन शिकवायचा. त्याची दृष्टी गेल्यावर घराची घडी विस्कटली आणि मरियाने दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायची नोकरी धरली. गॅब्रिएल चित्रकार म्हणून गाजला. या कवितेचं ‘अ पीप अॅट द गॉब्लिन्स’ हे आधीचं नाव बदलायला त्याने सुचवलं, पुस्तकाची चित्रंही त्यानेच काढली. एका चित्रात दोघी बहिणी एकमेकींच्या कुशीत झोपलेल्या आहेत आणि कोपऱ्यात गॉब्लिन दिसतात. कवितेच्या हस्तलिखितावर २७ एप्रिल १८५९ ही तारीख आहे आणि ती अर्पण केली आहे एम. एफ. आर. यांना, म्हणजे मरिया फ्रान्सेस्का रोझेटीला.

मरियाने नेमकं काय केलं होतं? विल्यमने पुढे लिहिलं की क्रिस्टिनाने या परीकथेत काही खोल अर्थ योजलेला नाही असं तिच्याच तोंडून ऐकलंय. पण त्यानेच असंही सुचवलंय की धर्माच्या बाबतीत आपला पाय घसरला असं क्रिस्टिनाला कधी तरी वाटलं होतं आणि मरियाने तिला सावरलं होतं. अभ्यासकांनी यावर पुष्कळ तर्क केलेत. त्यांतला एक मला पटतो. त्याच सुमारास क्रिस्टिना लंडनच्या हायगेट भागातल्या एका आश्रमात स्वयंसेविका म्हणून जाऊ लागली होती. घसरलेल्या, ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या मुली तिथे ठेवत. त्या काळातल्या गोष्टींत अशी मुलगी शेवटी मरायची, जीनीसारखी. क्रिस्टिनाने लॉराला जगवलं, तिचं लग्न लावलं, तिला मुलं दिली आणि गोष्ट सांगायचा हक्कही तिलाच दिला. १८६२ साली हे धाडसच होतं. समीक्षक रस्किनला कवितेचं वेडंवाकडं वृत्त खपलं नाही, तशी तक्रार त्याने गॅब्रिएलला लिहून कळवली. उलट प्रकाशक अलेक्झांडर मॅकमिलनने ती केंब्रिजच्या कामगारांच्या एका मंडळात वाचून दाखवली. आधी त्यांना वाटलं हा आपली थट्टा करतोय, मग हळूहळू सगळे चिडीचूप झाले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. माथाडी भवनात कुणी ही कविता मराठीतून वाचली, तर तिथेही असंच होईल याची मला खात्री आहे. माल, गिऱ्हाईक आणि फसवणूक यांतलं कळायला तिथे कुणाला टीपा लागणार नाहीत.

आपल्याकडे बहिणीने भावासाठी गायलेलं अमाप आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मी त्यांतल्या ज्या ऐकल्यात त्यांत भाऊराया पावलोपावली भेटतो, बहिणीने बहिणीसाठी गायलेलं फार कमी. कारण उघड आहे. बहिणी वेगवेगळ्या गावांत दिल्या जायच्या आणि माहेराचं दार भावाच्या हाती असायचं. दोघी एका वेळी माहेरपणाला आल्या तर भेट, नाही तर पंचमी-दिवाळीपर्यंत वाट बघा. भावाला ओवाळायला भाऊबीज आहे. बहिणीने बहिणीकडे जायचं तर तिथी लागत नाही, पण कुणी पाठवतही नाही. आमच्या पिढीला हे वेगळं मिळालं. ताई ठाण्यात चरईत, मी कोपरखैरण्यात. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बरची लोकल सुरू झाली आणि कुणाची परवानगी न घेता आम्हाला एकमेकींकडे जाता यायला लागलं.

माझं लग्न मोडलं तेव्हा मी नेसत्या कपड्यांनिशी माहेरी आले होते. माझी प्रमाणपत्रं, पासबुकं, आईच्या पाटल्या, सगळं सासरी राहिलं. प्रमाणपत्रांशिवाय नोकरीचा अर्जसुद्धा करता येईना. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी उशीत तोंड घालून पडलेली असायचे, ताट तसंच परत जायचं. ताई ठाण्याहून आली, माझ्याकडून सगळ्या वस्तू तोंडी काढून घेतल्या आणि पतपेढीच्या एका कोऱ्या पावतीमागे यादी केली. ती पतपेढीत कॅशियर. मला एक शब्द उपदेश केला नाही. शनिवारी अर्धा दिवस भरून, ऑफिसच्या साडीत, डब्याची पिशवी खांद्याला तशीच, ती माझ्या सासरी गेली.

भाऊजींना तिने खाली थांबवलं होतं. आवाज खालपर्यंत येत होते, म्हणून मला हे कळलं. तिने स्वतः कधी सांगितलं नाही. सासरचे माझ्याबद्दल बोलले, आमच्या बाबांच्या पगाराबद्दल बोलले, ताईला तोवर मूल नव्हतं त्याबद्दलही बोलले. तिला चहा घ्या, बसा म्हणाले. ती बसली नाही, पेल्याला हात लावला नाही. यादी वाचायची आणि थांबायची. पुन्हा पहिल्यापासून वाचायची. कुणी तरी तिच्या हातातला कागद फाडला, तर पाठ म्हणून दाखवायला लागली. शेवटी त्यांनी फाइल तिच्या पायांशी टाकली. तिने ती उचलली आणि तिथेच उभ्या उभ्या एकेक कागद तपासला. पाटल्या मिळाल्या नाहीत, त्या आजतागायत नाहीत. पण दहावी, बारावी, बी. ए., सगळं होतं. रात्री ती कोपरखैरण्याला आली, फाइल माझ्या पांघरुणावर ठेवली आणि म्हणाली, “सोमवारी अर्ज टाकायचा. ऊठ, जेवून घे.” तिच्या मनगटावर ओरखडा होता. मी जेवले.

लिझी ओठ मिटून उभी राहते त्या ओळी मी वाचते तेव्हा मला डब्याची पिशवी खांद्याला लावलेली बाई दिसते. आणि तीच बाई ताटाशेजारी चिठ्ठी ठेवणारीही आहे. क्रिस्टिनाला हे ठाऊक होतं, असं मला वाटतं. म्हणून तर दोन्ही बहिणी एका पुस्तकात आल्या. पण १८७५ मध्ये आधीच्या कविता एकत्र छापताना तिने ‘सिस्टर मॉड’ गाळली. मला ते मनापासून लागलं. मॉड वगळली की लिझी देवघरातली होऊन बसते. मग ती कुणाचीच बहीण राहत नाही.

मरियाबद्दल मला अजून एक आवडतं. तिने दांते या मध्ययुगीन इटालियन कवीवर ‘अ शॅडो ऑफ दांते’ हे पुस्तक लिहिलं, १८७१ साली, आणि नंतर चाळिशी उलटून गेल्यावर संन्यासिनींच्या ऑल सेंट्स या संघात गेली. ब्रिटिश म्युझियममधल्या ममींच्या दालनात जायला ती कचरायची, कारण आपण तिथे उभं असतानाच कयामत आली आणि हे सगळे मृत उठले तर? इतकी तिची श्रद्धा रोखठोक. २४ नोव्हेंबर १८७६ रोजी ती कर्करोगाने गेली. त्याआधी स्वतःच्या अंत्यविधीबद्दल बोलताना तिने काळ्या पेहरावाचं अवडंबर नको म्हटलं होतं, सगळं इतकं निराश कशाला दिसू द्यायचं? क्रिस्टिनाने हे ‘टाइम फ्लाइज’मध्ये लिहिलंय, १८८५ च्या पुस्तकात. फुलं होती, कबरीपाशी स्तोत्रं म्हटली, नोव्हेंबरचा दिवस उजळला आणि सूर्यामुळे माझ्या पापण्यांत एक छोटंसं इंद्रधनुष्य उमटलं, असं ती सांगते. आपल्याला रडू येत होतं, हे तिने कुठेच लिहिलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात चरईला ताईकडे आम्ही दोघी आढी लावत होतो. पेंढा पसरायचा, देठं वर करून आंबे मांडायचे, डागी तेवढे बाजूला काढायचे. हात चालू होते, म्हणून मी तिला ही सगळी कविता सांगितली. ताई इंग्रजी कविता वाचत नाही. मन लावून ऐकलं आणि पहिलं विचारलं, “त्या पेनीचं काय झालं? परत दिली त्यांनी?”

दिली होती. गॉब्लिन जाता जाता पेनी तिच्याकडे भिरकावतात, आणि लिझी धावताना पिशवीत ती वाजत असते. त्या आवाजाला क्रिस्टिनाने संगीत म्हटलंय. ताई म्हणाली, “मग ठीक. त्यांचं काही घेतलं नाही, आपलं काही सोडलं नाही.” इतकी वर्षं ही कविता वाचतेय, पण त्या पेनीपाशी मी कधी थांबले नव्हते.

मग मी तिला मॉडबद्दलही सांगितलं. ताटाशेजारच्या चिठ्ठीबद्दल आम्ही दोघी सरळ कधी बोललेलो नाही, तेव्हाही बोललो नाही. तिने एक आंबा नाकाशी नेला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “बापाला सांगितलं तिने, ते कळलं. पण तो मुलगा मेला कसा? आणि असं होईल हे तिला आधी ठाऊक होतं का?”

रात्री ठाण्याहून परतताना लोकलमध्ये मोबाईलवर कविता पुन्हा काढून बघितली. तो कसा मेला हे तिथे नाही. कुणी मारला हेही नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या शापापर्यंत एकटी दुसरी बहीण बोलते; मॉडच्या वाट्याला त्या कवितेत एकही वाक्य आलेलं नाही.